एक फूट कमी

मित्रांनो, माझ्या डबीवर शंभर फूट असे छापलेले आहे, पण त्यावर विश्वास ठेवू नका. मी जमीन मोजायची जुनी कापडी टेप आहे आणि माझ्यात एक फूट कमी आहे. हे सांगायला मला फार उशीर झाला. आता सांगते आहे, तरी मनातली धाकधूक गेलेली नाही.

एका कारखान्यात जाड सुती पट्टीत बारीक तारा विणून मला बनवले. वर पिवळा रंग दिला. इंचाला काळी रेघ आणि फुटाला लाल आकडा छापला. टोकाला पितळी कडी लावली आणि मला चामड्याच्या गोल डबीत गुंडाळले. पाठवण्याआधी एका म्हाताऱ्या कामगाराने मला लोखंडी पट्टीशेजारी ताणून धरले, चष्मा वर करून पाहिले आणि मान हलवली. तेवढ्यावर मी पास झाले. टेपला दुसरा कसला गुण लागत नाही. तिचा रंग उडाला, तिला वास आला, तरी चालते. फक्त ती बरोबर असावी लागते.

मला विकत घेतले ते जागा आणि घरांचे व्यवहार करून देणाऱ्या एका माणसाने. लोक त्यांना जागावाले म्हणत. त्यांचे ऑफिस म्हणजे पंक्चर काढायच्या दुकानाला लागून असलेली एक खोली. आत टेबल, दोन खुर्च्या, एक बाकडे आणि भिंतीवर खिळ्यांची रांग. प्रत्येक खिळ्यावर एकेका बंद घराची किल्ली आणि तिला दोऱ्याने बांधलेला पुठ्ठ्याचा तुकडा. त्यावर घराचे नाव नसे, खूण असे. ‘निळा दरवाजा’, ‘विहिरीमागचे’, ‘दोघा भावांचे, दोघांना विचारणे’.

त्या भागात जागेचा बाजार असा होता की विकणारा म्हणे, मला काही घाई नाही, आणि रोज सकाळी येऊन विचारून जाई. घेणारा म्हणे, घरी विचारून सांगतो, आणि वर्षभराने त्याच घराची किल्ली पुन्हा मागे. उन्हाळ्यात जागा दाखवली की लोक पाण्याचे विचारत आणि पावसाळ्यात दाखवली की रस्त्याचे. जागावाले घर दाखवताना खोड आधी सांगत. दार उघडले की म्हणत, आधी वर बघा, छत गळते, पटले तर पुढे चला. त्यावर त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळे वहिनी म्हणत, हसून म्हणायच्या की गिऱ्हाईक पळवायला बाहेरचा माणूस कशाला हवा.

वहिनी मोजणीला नेहमी बरोबर असत. स्कूटरवर मागे बसत, मांडीवर कापडी पिशवी आणि पिशवीत मी. जागेवर पोहोचले की कोपऱ्यातल्या खुंटीशी वहिनी माझी कडी धरून बसत आणि जागावाले डबी घेऊन दुसऱ्या टोकाला चालत जात. तिकडून ते ओरडत, “धरलंस का?” इकडून उत्तर जाई, “धरलंय.” मग ते आकडा वाचत. बघणारे लोक म्हणत, या नवरा-बायकोचा संसार शंभर फुटांवरून चालतो, म्हणून भांडण होत नाही. वहिनी म्हणत, भांडण होतं, पण ऐकू येत नाही.

त्या दिवसांत मला फार मान होता. जागावाल्यांनी मोजले म्हणजे मोजले, असे लोक म्हणत. कित्येकांनी कागदावर सही करायच्या आधी माझ्याकडे पाहिले आहे, कागदाकडे नाही.

मग ती गोष्ट घडली. एका उताराच्या शेतात मोजणी चालली होती. जागावाले खाली, झाडांच्या आड गेले होते. वहिनी वरच्या कोपऱ्यावर बसल्या होत्या. बांधापलीकडून शेतमालकाची बायको आली आणि दोघींच्या गप्पा सुरू झाल्या. माझी कडी वहिनींच्या हातातून गवतात घसरली. जवळच एक वासरू चरत होते. मला वाटले, ते हुंगून पुढे जाईल. पण त्याने मला तोंडात धरले आणि चघळायला सुरुवात केली. मी ओरडू शकत नव्हते. वहिनींचे लक्ष गेले तेव्हा पहिला फूटभर भाग चोथा झाला होता आणि कडी गवतात पडली होती.

वहिनींनी घाईघाईने कडी उचलून पदरात बांधली. जागावाले वर आले तेव्हा त्या म्हणाल्या की कडी तुटली, घरी गेल्यावर शिवून देते. त्यांनी बरं म्हटले आणि मला गुंडाळले. चघळलेले टोक त्यांनी पाहिलेच नाही, कारण त्याच सकाळी ते शेतमालकाला सांगत होते की अशी टेप पंचक्रोशीत नाही, आणि अजून त्याच तोऱ्यात होते.

घरी वहिनींनी मला जमिनीवर पसरून नीट पाहिले. मग चोथा झालेला भाग कात्रीने कापून टाकला. कापले ते बरोबर लाल एकच्या आकड्यावर. तिथेच कडी शिवली आणि शिवण उसवू नये म्हणून वर निळ्या कापडाची चार बोटे पट्टी लावली. पट्टीखाली पहिले काही इंच झाकले गेले. दिसायला मी पूर्वीपेक्षा नीट दिसत होते. पण कडीशी जिथे शून्य असायला हवे, तिथे आता एक होता. म्हणजे मी चाळीस फुटांच्या जागेला एक्केचाळीस म्हणणार होते.

वहिनींना हे कळत होते. त्या स्वतःशीच म्हणाल्या, “उद्या सांगते.”

दुसऱ्या दिवशी सांगायला तोंड उघडले तेव्हा घरात पाहुणे होते. तिसऱ्या दिवशी जागावाले कशावरून तरी चिडलेले होते. चौथ्या दिवशी मोजणीच निघाली. तेव्हा वहिनींनी पिशवीत एक लाकडी फूटपट्टी टाकली, शाळेत मुलांकडे असते तशी. खुंटीला फूटपट्टीचे एक टोक टेकवायचे, दुसऱ्या टोकाशी माझी कडी धरायची आणि हाक आली की “धरलंय” म्हणायचे. कमी पडलेला फूट असा दर वेळी जमिनीवर ठेवला जाई आणि आकडा बरोबर येई. जागावाले लांबच्या टोकाला असत. त्यांना वाटे, बायको खुंटीशी वाकून टेप सरळ करते आहे.

पुढे सांगायचे राहूनच गेले. ती रोजची सवय झाली आणि सवयीबद्दल कोण काय सांगणार? एकवीस वर्षे वहिनींनी माझी उणीव भरून काढली. त्या एकवीस वर्षांत माझा एकही आकडा चुकला नाही. शाबासकी मात्र मला मिळत होती.

मग वहिनी आजारी पडल्या. पाच आठवडे मी पिशवीत पडून होते आणि पिशवी घरात खुंटीला टांगलेली होती. मला बाहेरचे आवाज तेवढे येत. औषधाच्या बाटल्या, शेजारणीचे हळू बोलणे, दार सावकाश लोटून घेतल्याचा आवाज. मग एक दिवस खूप लोक आले आणि गेले. त्यानंतर घरात आवाजच येईनात.

ऑफिस तीन महिने बंद होते. एका सकाळी जागावाल्यांनी पिशवीत हात घालून मला बाहेर काढले. फूटपट्टी आतच राहिली. ती त्यांच्या हाताला लागली होती, पण वहिनींच्या इतर वस्तूंसारखी ती त्यांनी जिथे होती तिथेच राहू दिली.

आता कडी धरायला कोणी नव्हते. जागावाल्यांनी एक लांब खिळा घेतला, कडीतून घालून कोपऱ्यात ठोकला आणि डबी घेऊन चालत गेले. पहिल्याच दिवशी दुसऱ्या टोकाला पोहोचून ते सवयीने ओरडले, “धरलंस का?” खिळा काय बोलणार? रस्त्यावरून जाणारा एक माणूस थांबला होता, तो मान खाली घालून निघून गेला. जागावाल्यांनी आकडा वाचला आणि वहीत लिहिला. तो चुकीचा होता. एका फुटाने.

मित्रांनो, खोटे बोलणारा आपण होऊन बोलतो. माझे तसे नव्हते. मला ताणले की मी आकडा दाखवणारच. मी वळण्याचा प्रयत्न केला, वाऱ्यावर फडफडले, एकदा डबीत अडकून बसले. जागावाल्यांनी डबीची मूठ उलटी फिरवून मला सोडवले आणि म्हणाले की तूही म्हातारी झालीस.

त्या काळात तीन मोजण्या झाल्या. पहिली दोन भावांच्या वाटणीची. दुसरी लाकडाच्या वखारीमागच्या मोकळ्या अंगणाची. तिसरी शिवणवाल्या ताईंच्या जागेची. पहिल्या दोन वेळा कोणाच्या लक्षात आले नाही आणि मला आणखी भीती वाटू लागली. चूक लगेच सापडली तर बरे असते. सापडली नाही की तिच्यावर लोक भिंती बांधतात.

शिवणवाल्या ताई बाजारात भाड्याच्या टपरीत कपडे शिवत. रस्त्याला लागून एक जागा विकाऊ होती. तिच्या एका बाजूला पक्की गटार आणि दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याचे तारेचे कुंपण. पुढे दुकान, मागे राहायची खोली आणि वर जायला बाहेरून जिना, असे ताईंचे कित्येक वर्षांचे ठरलेले होते. खाकी कागदावर त्यांनी त्याचा आराखडा काढला होता, ब्लाउजचा बेत काढावा तसा. रुंदी एक्केचाळीस फूट भरली तर जिना बसत होता, चाळीस असती तर नाही. जागावाल्यांनी खिळा ठोकला, चालत गेले आणि म्हणाले, बरोबर एक्केचाळीस. ताईंचा चेहरा उजळला. त्याच आकड्याचा कागद झाला. विकणारा माणूस कागद करून आपल्या मुलाकडे दूरच्या शहरात निघून गेला.

शेजारी होते कंडक्टर आजोबा. आयुष्यभर बसमध्ये तिकिटे फाडलेली, आता एकटेच राहणारे. कुंपणाला लागून त्यांनी लिंबाची चार झाडे लावली होती. मोजणीनंतर आठवड्याभरात वादळात कुंपणाचे दोन खांब कलले आणि आजोबांनी ते काढून पुन्हा रोवले. नेमके तेवढेच निमित्त झाले.

पाया आखायला गवंडी आला. त्याच्याकडे स्वतःची लोखंडी टेप होती. त्याने दोनदा मोजले आणि म्हणाला की चाळीसच भरतात. ताई म्हणाल्या की असे कसे होईल, कागदावर एक्केचाळीस आहेत. गवंड्याने कुंपणाच्या ताज्या मातीकडे पाहिले. ताईंनीही पाहिले. आणि दुपारपर्यंत सगळ्या बाजारात झाले की म्हाताऱ्याने कुंपण फूटभर सरकवले.

जागावाल्यांना बोलावणे आले. ते मला घेऊन आले. त्यांनी कडीत खिळा घालून गटारीच्या कडेला ठोकला, पुन्हा मला ताणले आणि मी पुन्हा तेच दाखवले. एक्केचाळीस. पण कुंपण आता जिथे होते तिथपर्यंतच एक्केचाळीस. खरे तर एवढ्यावरून कोणालाही कळायला हवे होते की कुंपण हललेलेच नाही. पण रागावलेली माणसे इतका विचार करत नाहीत. गवंडी म्हणाला, तुमचे कापड ताणले गेले असेल, लोखंड ताणले जात नाही. जागावाल्यांना ते लागले. इतक्या वर्षांत माझी टेप चुकली नाही, असे ते म्हणाले. चुकला असेल तर खांब रोवणारा चुकला असेल. मग त्यांचा आवाज चढला आणि ते म्हणाले की खांब काढा, एक फूट मागे रोवा, झाडे आड येत असतील तर तोडा, मी उभा राहतो.

कंडक्टर आजोबा दारात उभे होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “आयुष्यभर लोकांना पुढे सरका, पुढे सरका म्हणत आलो. कुंपणाला कधी म्हटलं नाही.”

गवंडी हसला. ताई हसल्या नाहीत. जागावाले तर नाहीच.

गवंड्याच्या माणसाने पहिल्या झाडाच्या बुंध्याशी कुऱ्हाड टेकवली. मित्रांनो, माझ्या आयुष्यात त्याहून वाईट क्षण आला नाही. झाड तुटणार होते आणि एका सरळ माणसाला सगळे चोर म्हणणार होते, तेही माझ्या शब्दावर. आणि माझ्यावर ज्यांचा विश्वास होता, तेच हे करायला सांगत होते.

आजोबा पुढे आले. भांडायला नाही. ते खाली खिळ्याकडे पाहत होते. ते म्हणाले, “जागावाले, माझी जागा तुम्हीच मोजली होती ना? तेव्हा वहिनी इथं बसल्या होत्या. त्या खाली फूटपट्टी लावायच्या. ती आज नाही लावली?”

जागावाल्यांनी वर पाहिले. कसली फूटपट्टी, असे त्यांनी विचारले. आजोबा म्हणाले की लाकडी, खुंटीपासून कडीपर्यंत लावायच्या, मी शेजारीच उभा होतो, मला वाटले मोजायची तशीच रीत असेल.

जागावाले म्हणाले, “तिला यात आणू नका.” हे त्यांनी इतक्या हळू म्हटले की कुऱ्हाडवाल्याने कुऱ्हाड खाली ठेवली.

तेवढ्यात शिवणवाल्या ताई खाली बसल्या आणि त्यांनी माझे टोक हातात घेतले. वहिनींनंतर मला असे कोणी धरले नव्हते. त्यांनी निळ्या पट्टीवरून अंगठा फिरवला. हातशिलाई आहे, आणि घट्ट आहे, असे म्हणाल्या. मग कमरेच्या किल्ल्यांच्या जुडग्यातली छोटी कात्री काढून त्यांनी दोन टाके उसवले आणि पट्टी उलटी केली. खालचा लाल आकडा उन्हात आला.

ताई म्हणाल्या, “कडीला लागून एक आहे. हिला पहिला फूटच नाही.”

गवंडी वाकून पाहू लागला. कंडक्टर आजोबांनी पाहिले नाही, ते जागावाल्यांकडे पाहत होते. जागावाले स्कूटरवर बसले आणि घरी गेले. अर्ध्या तासाने परत आले तेव्हा त्यांच्या हातात वहिनींची कापडी पिशवी होती. त्यांनी त्यातून फूटपट्टी काढली. तिच्या एका टोकाला निरनिराळ्या जागांची माती सुकून बसली होती, काळी, लाल, पांढरट. त्यांनी ती गटारीच्या कडेला टेकवली, खिळा काढून तिच्या दुसऱ्या टोकाशी ठोकला आणि चालत कुंपणापर्यंत गेले. आकडा वाचायला त्यांना वेळ लागला.

“चाळीस,” ते म्हणाले.

मग ते कंडक्टर आजोबांसमोर गेले. मला वाटले, ते वहिनींचे सांगतील. बायकोने लपवले, मला काय ठाऊक, असे म्हणणे सोपे होते आणि खोटेही नव्हते. पण ते म्हणाले, “मोजणी माझी होती. चूक माझी आहे. तुमच्यावर आळ घेतला, तोही मीच.” आजोबा म्हणाले की आत या, पाणी घ्या, चेहरा कसा झालाय बघा. आजोबांनी एवढेच म्हटले, पण ते जागावाल्यांना शिव्यांपेक्षा जड गेले असावे, कारण ते तिथेच पायरीवर बसले.

ताईंचा जिना गेला होता. त्या खाकी कागद मांडीवर घेऊन बसल्या होत्या. जागावाले म्हणाले की कागद दुरुस्त करून देतो, विकणाऱ्याशी मी बोलतो, तुम्हाला व्यवहार मोडायचा असेल तर तेही मी बघतो. ताईंनी कागदावरच्या जिन्यावर बोट ठेवले. मग म्हणाल्या की कापड कमी पडले म्हणून मी कधी गिऱ्हाईक परत पाठवले नाही, जिना आतून काढता येतो का बघते. आणि मग त्यांनी मान वर केली. “पण आणखी कुणाकुणाचं मोजलंत हिनं? त्यांच्याकडे आजच जा. उद्या नको.”

जागावाले त्याच दुपारी निघाले. दोघा भावांच्या वाटणीत दोन्ही तुकडे एकेका फुटाने कमी निघाले. आयुष्यात पहिल्यांदाच दोघांचे सारखे नुकसान झाल्यामुळे भाऊ भांडलेच नाहीत, उलट एकमेकांकडे पाहून हसले. वखारीमागच्या अंगणात मात्र भिंत कमरेइतकी उठली होती. मालक खूप बोलला. जागावाले ऐकत उभे राहिले आणि शेवटी म्हणाले की पाडायला मी येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ते खरेच गेले, विटा एकेक करून काढल्या आणि रचून ठेवल्या. मला त्यांनी बरोबर नेऊन शेजारी ठेवले होते. त्यांच्या हाताला फोड आले ते मी पाहिले. त्या विटांतली एकही वीट माझ्याशिवाय तिथे लागली नसती.

त्यानंतर ऑफिसात नवी लोखंडी टेप आली. काही गिऱ्हाईके परत आली, काही अजून आलेली नाहीत. आता मोजणीला कधी कंडक्टर आजोबा मागे बसून जातात आणि टोक धरतात. ते खुंटीशी बसले की जागावाल्यांना आधी आकडा मोठ्याने म्हणायला लावतात आणि मगच टोक सोडतात.

मला त्यांनी टाकून दिले नाही. माझ्या चामड्याच्या डबीवर त्यांनी जाड पेनाने लिहिले, ‘एक फूट कमी’, आणि मला किल्ल्यांच्या रांगेत एका खिळ्यावर अडकवले. मला बरे वाटले. आता निदान चूक लपलेली नव्हती.

पण मित्रांनो, चामड्यावर शाई टिकत नाही. येणारेजाणारे किल्ल्या घेताना माझ्यावरून हात फिरवतात. पंक्चरवाल्याच्या दुकानातली काजळी येऊन बसते आणि कोणीतरी ती फडक्याने पुसते. ‘कमी’ मधला क आता दिसत नाही. ‘फूट’ अर्धा दिसतो. मी अजून मजबूत आहे, माझे आकडे ठसठशीत आहेत, आणि हीच माझी काळजी आहे. घाईत असलेला कोणी भला माणूस मला चांगली टेप समजून घेऊन जाईल आणि मी त्यालाही तसाच आकडा दाखवीन.

तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू असेल जी नीट चालते असे तुम्हाला वाटते. ती कोण चालवते ते एकदा विचारा. कुलूप कसे लागते, मोटर कशी सुरू होते, घड्याळ किती पुढे आहे, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ते आजच विचारा आणि कागदावर लिहून ठेवा. ते सांगायचे म्हणतात, पण घरात पाहुणे असतात, आणि दिवस जातात.

आणि माझी डबी कधी तुमच्या हाती आली, तर मला ताणण्याआधी वरची अक्षरे वाचा. पुसली गेली असतील, तर पुन्हा लिहा.